एका माणसासाठी वाजवलेलं व्हायोलिन
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१८८७ सालचा जानेवारी महिना. प्राग शहरातल्या एका घरात अंतोनिन द्वोर्झाक हा संगीतकार राहत होता. वय पंचेचाळीस. युरोपात नाव झालेलं, इंग्लंडच्या वाऱ्या झालेल्या, मोठमोठ्या सिंफनी लिहून झालेल्या. त्याच घरात योसेफ क्रुइस नावाचा एक विद्यार्थीही राहायचा. शिकत होता रसायनशास्त्र, पण नाद होता व्हायोलिनचा. त्याला शिकवायला यान पेलिकान नावाचे वादक येत. ते तिथल्या नॅशनल थिएटरच्या वाद्यवृंदात होते. गुरू-शिष्यांची दोन व्हायोलिनं एकत्र वाजू लागली, की द्वोर्झाकच्या कानावर पडत. तो स्वतः तरुणपणी वाद्यवृंदात व्हिओला वाजवायचा. त्याला वाटलं, आपणही यांच्यात जाऊन बसावं. म्हणून दोन व्हायोलिनं आणि एक व्हिओला अशा तिघांसाठी त्यानं एक रचना लिहिली. तिघं वाजवायला बसले, पण ती रचना बिचाऱ्या विद्यार्थ्याला काही जमेना. फारच अवघड झाली होती.

आता असा प्रसंग आला तर मोठा कलावंत काय करतो? 'अजून रियाज कर' म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. द्वोर्झाकनं वेगळंच केलं. तो पुन्हा टेबलाशी बसला आणि त्या मुलाच्या हाताला झेपतील असे चार छोटे तुकडे त्यानं नव्यानं लिहिले. त्याच दिवसांत आपल्या प्रकाशकाला त्यानं पत्रातून कळवलं, की हे छोटं काम करताना मला एखादी मोठी सिंफनी लिहावी तितकाच आनंद होतो आहे. मग लगोलग हेच चार तुकडे त्यानं एक व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठी बेतले. ३० मार्च १८८७ रोजी प्रागमध्ये ते पहिल्यांदा लोकांसमोर वाजले. व्हायोलिनवर होता कारेल ओंद्रिचेक आणि पियानोवर खुद्द द्वोर्झाक. आज जगभर व्हायोलिन शिकणारी मुलं 'चार रोमँटिक रचना' या नावानं ते तुकडे वाजवतात.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण आज मला ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्या छोट्या व्हायोलिन-रचनांचा स्वभाव तिच्यात नेमका दिसतो. तीन मिनिटं, चार मिनिटं, फार तर सहा-सात मिनिटं. एक सुरावट, तिला जोडून थोडी वेगळ्या रंगाची दुसरी, मग पहिलीकडे परतणं आणि शेवट. संगीताच्या मोठ्या इतिहासात या रचनांना मानाचं पान सहसा मिळत नाही. जेवणानंतरची बडीशेप, असंच त्यांच्याकडे पाहिलं जातं. पण जरा खोलात जाऊन पाहिलं, तर यांतल्या कितीतरी रचना कुणा एका माणसासाठी लिहिलेल्या आहेत. सभागृहासाठी नव्हे, समोर बसलेल्या, ओळखीच्या एका माणसासाठी. आणि मला वाटतं, त्या चांगल्या वाजवण्याचं मर्मही तिथंच आहे.

'रोमँटिक' या शब्दानं थोडा घोटाळा होतो. आपल्याकडे रोमँटिक म्हटलं, की बागेतलं गाणं डोळ्यांसमोर येतं. संगीताच्या इतिहासात मात्र हा शब्द साधारणपणे एकोणिसाव्या शतकातल्या एका मोठ्या काळासाठी वापरतात. दरबार आणि देऊळ यांच्या पलीकडे जाऊन एकेका माणसाचं सुखदुःख संगीताच्या मध्यभागी आलं, तो हा काळ. याच काळात मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पियानो आला. पियानो आला म्हणजे त्याच्या जोडीला घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी व्हायोलिन घेऊन उभं राहू लागलं. अशा दिवाणखान्यांसाठी ही छोटी रचना जन्माला आली.

त्यातली एक गोष्ट क्लारा शूमानची. १८५३ सालचा उन्हाळा, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ शहर. क्लारा तेहतीस वर्षांची होती, पदरी सहा मुलं. नवरा रॉबर्ट शूमान मोठा संगीतकार. क्लारा स्वतः युरोपातल्या अव्वल पियानोवादकांपैकी एक; पण नवरा रचना करत असला की घरात पियानोचा आवाज नको, म्हणून तिची बोटं आजवर पुष्कळदा मुकीच राहिलेली. नव्या घरात आल्यावर तिला एकदाची स्वतःची खोली मिळाली, नवऱ्याच्या कामात व्यत्यय न आणता वाजवता येईल अशी. त्या उन्हाळ्यात तिनं भराभर लिहिलं. व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या तीन 'रोमान्स' त्यातल्याच. त्या तिनं अर्पण केल्या योसेफ योआखिम या तरुण व्हायोलिनवादकाला. त्याच वर्षी मे महिन्यात ड्युसेलडॉर्फच्या महोत्सवात बेथोव्हनचा कॉन्चेर्टो वाजवून त्यानं सगळ्यांना थक्क केलं होतं.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १८५४ मध्ये, रॉबर्टनं ऱ्हाइन नदीत उडी घेतली. त्याला वाचवलं, पण त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि १८५६ च्या जुलैत तिथंच तो गेला. सात मुलांचा संसार क्लारानं मैफलींच्या जोरावर ओढला. योआखिमबरोबर गावोगाव फिरताना ती या 'रोमान्स' वाजवत असे. योआखिम हानोव्हरच्या दरबारी नोकरीत होता. तिथला अंध राजा या रचना ऐकून अगदी हरखून गेल्याचं त्यानं कळवलं होतं. पण क्लाराची स्वतःची लेखणी मात्र थांबली. पुढे चाळीस वर्षं ती जगली, वाजवत राहिली, शिकवत राहिली. रचना म्हणाल तर एखाद-दुसराच अपवाद. म्हणजे या तीन छोट्या रचना तिच्या लिहित्या आयुष्याच्या अगदी काठावर उभ्या आहेत. त्या हलक्या हातानं, नुसत्या गोड म्हणून वाजवणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट थोडी सुखाची. हेन्रिक व्हिएन्याव्स्की हा पोलंडचा व्हायोलिनवादक. इझाबेला हॅम्प्टन या मुलीवर त्याचं मन जडलं. फिरत्या वादकाला मुलगी द्यायला तिचे आईवडील राजी नव्हते. मग त्यानं 'लेजांद', म्हणजे आख्यायिका, नावाची एक रचना लिहिली. ती ऐकून आईवडिलांचं मन विरघळलं, अशी गोष्ट सांगितली जाते. लग्न झालं ते १८६० साली, पॅरिसमध्ये. गोष्टीत मीठमसाला किती, कोण जाणे. पण ती रचना ऐकताना जाणवतं, की हा माणूस आपलं कौशल्य मिरवत नाही. ज्याची बोटं युरोपात सगळ्यांत चपळ मानली जात, तो इथं हळू, खालच्या सुरात, विनवणी केल्यासारखा बोलतो आहे.

तिसरी गोष्ट एडवर्ड एल्गारची. तिचा एक धागा आपल्या मातीपर्यंत येतो. एल्गार हा इंग्लंडमधल्या वूस्टर गावातल्या पियानो दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराचा मुलगा. पंथानं कॅथलिक, खिशानं कफल्लक, शिकवण्या करून पोट भरणारा. १८८६ पासून त्याच्याकडे एक बाई पियानोची साथ शिकायला येऊ लागल्या. कॅरोलाइन अॅलिस रॉबर्ट्स. वडील हिंदुस्थानातल्या फौजेत मेजर-जनरल. अॅलिसचा जन्मच मुळी कच्छमधल्या भूजचा, १८४८ सालचा. एल्गारपेक्षा ती जवळजवळ नऊ वर्षांनी मोठी. पंथ वेगळा, थर वेगळा, वय उलटं. तिच्या घरच्यांना हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. १८८८ च्या उन्हाळ्यात एल्गार यॉर्कशायरमध्ये एका डॉक्टर मित्राकडे सुटीला गेला होता. अॅलिसनं त्याला आपली एक कविता दिली होती, तिला त्यानं चाल लावली. आणि परत आल्यावर वाङ्निश्चयाची भेट म्हणून तिच्या हातात एक छोटी रचना ठेवली. अॅलिसला जर्मन चांगलं येत होतं, म्हणून नाव जर्मन ठेवलं. अर्थ, 'प्रेमाचा नमस्कार'. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांचं लग्न झालं.

ती रचना त्यानं प्रकाशकाला विकली. दोन गिनींना विकली, असं सांगतात. प्रकाशकानं जर्मन नाव बदलून फ्रेंच केलं, 'सॅल्यू दामूर', आणि ती धडाधड खपली. घराघरांत, हॉटेलांत, चहाच्या वेळी वाजू लागली. लोकांना चाल पाठ झाली. हक्क विकून टाकलेले, त्यामुळे त्या खपाचा लाभ लिहिणाऱ्याला व्हायचा तसा काही झाला नाही. पण अॅलिसनं या माणसावर जो विश्वास टाकला होता, तो खरा ठरला. याच एल्गारनं पुढे पाऊण तासाहून मोठा व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला, मोठमोठ्या सिंफनी लिहिल्या. १९२० साली अॅलिस गेली, आणि त्यानंतर त्याच्या हातून मोठी म्हणावी अशी रचना जवळजवळ पुरी झाली नाही. ती तीन मिनिटांची चाल आणि हा पुढचा तीस वर्षांचा संसार, दोन्ही एकाच कागदावर लिहिलेलं आहे, असं समजा.

आता हा दिवाणखान्यातला तुकडा जगभर पोचला कसा? त्याचं श्रेय ग्रामोफोनला. एकोणिसावं शतक संपता संपता तबकडी आली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची, बारा इंचीला चार-साडेचार. सिंफनी त्यात बसवायची तर तिचे तुकडेच करावे लागत. छोटी व्हायोलिन-रचना मात्र अगदी मापात बसली. शिवाय सुरुवातीच्या काळात मायक्रोफोन नव्हता. मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं. त्या भोंग्याला गळा आणि व्हायोलिन ही बऱ्यापैकी मानवत. मोठा वाद्यवृंद मानवत नसे.

हे माप आपल्याकडेही आलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला गौहर जान यांनी भोंग्यासमोर गाऊन शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं, तेव्हा तासाचा ख्याल तीन मिनिटांत आणण्याची विद्या आपल्या गवयांनाही शिकावी लागली. पुढे चित्रपटगीतानंही तेच माप घेतलं. त्या गीतांमधल्या व्हायोलिनांना तर या कथेत सरळ नातं सांगता येतं. गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. तिथून मुंबईला आलेले वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) त्यांच्यातलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. दोन कडव्यांमधल्या पंधरा-वीस सेकंदांत व्हायोलिनं जे सांगून जातात, त्यामागे ही छोट्या तुकड्यांची तालीम आहे.

पण तबकडीच्या या युगाचा खरा राजा म्हणजे फ्रिट्झ क्रायस्लर. जन्म व्हिएन्नाचा, १८७५ सालचा. सातव्या वर्षी तिथल्या संगीतशाळेत, बाराव्या वर्षी पॅरिसच्या संगीतशाळेतलं पहिलं पारितोषिक. मग काही वर्षं व्हायोलिन बाजूला ठेवून वैद्यकाचा अभ्यास, लष्करात नोकरी, आणि पुन्हा व्हायोलिन. एल्गारनं आपला कॉन्चेर्टो ज्याला अर्पण केला, आणि १० नोव्हेंबर १९१० रोजी लंडनमध्ये एल्गारच्याच संचालनाखाली ज्यानं तो पहिल्यांदा वाजवला, तो हाच क्रायस्लर. पण लोकांच्या मनात तो राहिला तो 'लीबेसफ्रॉइड' आणि 'लीबेसलाइड', म्हणजे 'प्रेमाचा आनंद' आणि 'प्रेमाचं दुःख', अशा चार-चार मिनिटांच्या रचनांमुळे.

या रचनांची गंमत ऐका. क्रायस्लर त्या आपल्या म्हणून सांगतच नसे. कुठली जुन्या व्हिएन्नातल्या योसेफ लानरची, कुठली त्याहून जुन्या इटालियन पुन्यानीची, असं तो कार्यक्रमपत्रिकेत छापायचा. जुन्या हस्तलिखितांतून शोधून काढल्या, म्हणायचा. तीस वर्षं हे चाललं. १९३५ च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ओलिन डाउन्स या समीक्षकानं एका व्याख्यानासाठी पुन्यानीच्या रचनेचं मूळ शोधायला घेतलं. मूळ कुठंच सापडेना. शेवटी क्रायस्लरलाच विचारलं. त्यानं शांतपणे कळवलं, की ती माझीच. आणि बाकीच्याही माझ्याच.

केवढा गदारोळ! लंडनचे अर्नेस्ट न्यूमन यांच्यासारखे समीक्षक भडकले. ही फसवणूक आहे, म्हणाले. क्रायस्लरचं म्हणणं साधं होतं. तरुणपणी मला वाजवायला अशा रचना हव्या होत्या. पत्रिकेत पुन्हा पुन्हा माझंच नाव आलं असतं तर ते विचित्र दिसलं असतं आणि दुसऱ्या वादकांनी त्या हातीही धरल्या नसत्या. फसवणूक ती फसवणूकच, हे मलाही मान्य आहे. पण यातून एक गोष्ट उघड झाली. जुन्या माणसाचं नाव असताना जी रचना थोर होती, ती जिवंत माणसाचं नाव लागताच हलकी कशी झाली? सूर तर तेच होते. लहान आणि गोड गोष्टीला मोठं म्हणायला माणसं किती बिचकतात, त्याचा हा पुरावा.

आणि क्रायस्लर गोड होता म्हणून बुळा होता, असंही कुणी समजू नये. १९३३ साली जर्मनीत नाझींची सत्ता आली. ज्यू कलावंतांना मंचावरून उतरवलं जाऊ लागलं. बर्लिनमध्ये वाजवण्याचं सन्मानाचं निमंत्रण त्याला आलं, तेव्हा त्यानं ते नाकारलं. हाकललेल्या कलावंतांना परत बोलावत नाही तोवर मी येणार नाही, असा त्याचा निरोप होता. पुढे त्याला आपला देश बदलावा लागला; आधी तो फ्रान्सचा नागरिक झाला, मग अमेरिकेचा. ज्या व्हिएन्नाची आठवण त्याच्या त्या छोट्या रचनांत आहे, ते शहर तोवर ओळखीचं उरलं नव्हतं. १९६२ साली तो न्यूयॉर्कमध्येच वारला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या रचना चांगल्या वाजवायच्या म्हणजे काय करायचं?

पहिली गोष्ट गजाची. व्हायोलिनचा श्वास गजात असतो. गज संपला की श्वास संपला. संथ चालीत एका गजात किती सूर बसवायचे, कुठं गज हलका आणि भरभर ओढायचा, कुठं घोडीजवळ दाबून सावकाश ओढायचा, हा सगळा हिशेब आधी मांडून ठेवावा लागतो. जलद तानेत हिशेब थोडा चुकला तर झाकला जातो. तीन मिनिटांच्या संथ चालीत लपायला जागाच नाही. एक सूर खरखरला, की तो ऐकणाऱ्याच्या मनात शेवटपर्यंत राहतो.

दुसरी गोष्ट डाव्या हाताची. सुरावर बोट ठेवून ते किंचित हलवलं, की सूर थरथरतो. या कंपनाला पाश्चात्त्य वादक व्हायब्रेटो म्हणतात. योआखिमनं म्हातारपणी, १९०३ साली, काही तबकड्या मुद्रित केल्या. त्यात हे कंपन फार जपून, जागा पाहून वापरलेलं ऐकू येतं. क्रायस्लरनं ते जवळजवळ प्रत्येक सुरावर आणलं, आणि त्याचा तो मखमली आवाज जगानं उचलला. पण अनुकरण करणाऱ्यांनी काय घेतलं? सगळीकडे एकसारखी थरथर. क्रायस्लरचं कंपन कुठं रुंद, कुठं अरुंद, कुठं नुसतं आहे-नाहीसं असतं. प्रत्येक शब्दावर आवाज कापरा करणाऱ्या वक्त्यावर आपण विश्वास ठेवत नाही, इथंही तसंच.

तिसरी गोष्ट मींडेची. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर बोट घसरवत नेणं पाश्चात्त्य संगीतात एके काळी सर्रास चालायचं. पुढे ते अभिरुचीला सोडून मानलं गेलं आणि वादकांनी ते जवळपास टाकूनच दिलं. आपल्याला मींडेचं अप्रूप नाही, ती आपल्या गाण्याचा प्राणच आहे; त्यामुळे आपल्या कानाला त्या जुन्या तबकड्या परक्या वाटत नाहीत. पण त्या नीट ऐकल्या तर कळतं, की चांगला वादक जिथं दोन सुरांमध्ये काही बोलायचं राहून गेलं आहे, तिथंच घसरतो. उगीच नाही.

चौथी गोष्ट लयीची. 'लीबेसलाइड' हा तीन मात्रांचा संथ नाच आहे. वादक एखाद्या सुरावर रेंगाळला तर तो वेळ त्यानं कुठून तरी उसना घेतलेला असतो, आणि तो पुढे फेडावा लागतो. फेडला नाही, तर नाचणाऱ्याचा पाय अडखळेल. हे उसनं-फेडणं पियानोच्या साथीदाराशी मनोमन ठरलेलं असावं लागतं. तबल्याचा साथीदार गवयाला सांभाळून घेतो, तसाच हा पियानो. या रचनांत पियानोचं काम सोपं दिसतं. सोपं नाही ते.

पाचवी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. या तीन-चार मिनिटांत काहीतरी घडलं पाहिजे. ज्यूल मासने या फ्रेंच संगीतकाराच्या 'ताईस' या ऑपेरातला 'मेदितासिओं' हा व्हायोलिनचा तुकडा घ्या. १८९४ सालच्या मार्चमध्ये पॅरिसला तो ऑपेरा पहिल्यांदा झाला. ताईस ही अलेक्झांड्रियातली गणिका. एक संन्यासी तिला म्हणतो, हे आयुष्य सोड, माझ्याबरोबर चल. ती नकार देते. मग दोन प्रवेशांच्या मध्ये हा तुकडा वाजतो. हार्पची साथ, वर एकटं व्हायोलिन. तो संपतो, पुढचा प्रवेश सुरू होतो, आणि ती बाई म्हणते, चला, मी येते. म्हणजे एका बाईचं सबंध आयुष्य जे बदललं, ते शब्दांत कुठंच नाही. त्या पाच मिनिटांच्या व्हायोलिनमध्ये आहे. पहिल्या सुरापासूनच सगळं शांत, पवित्र, गोड करून टाकलं तर बदल कुठं झाला? मधल्या भागात सूर तापतो, घुसमटतो, आणि मग जेव्हा तीच पहिली चाल परत येते, तेव्हा ती तीच राहिलेली नसते. परत आलेली चाल पहिल्यासारखीच वाजवणारा वादक सूर वाजवतो, गोष्ट सांगत नाही.

मी कवितेच्या बाजूचा माणूस, त्यामुळे मला इथं मुशायरा आठवतो. शेर दोनच ओळींचा. पहिली ओळ वाचणारा पुन्हा म्हणतो, थांबतो, ऐकणाऱ्यांच्या मनात प्रश्न उभा राहू देतो, मग दुसरी ओळ. काही जणांचा गळा चांगला असतो. ते तरन्नुममध्ये, म्हणजे चालीवर म्हणतात. त्यातले काही शेर पोचवतात आणि काही नुसता गळा पोचवतात. लोक वाहवा दोघांनाही देतात, पण घरी जाताना पहिल्याचा शेर ओठांवर असतो आणि दुसऱ्याचा फक्त गळा. छोट्या व्हायोलिन-रचनेला हाच धोका आहे. ती सुंदर असते, म्हणून वादक तिच्यावर आणखी सौंदर्य चढवायला जातो. बासुंदीत साखर टाकतच राहावी तसं.

१९४८ साली लाँग प्लेइंग तबकडी आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. मापाची अडचण संपली आणि संपूर्ण सोनाटा, संपूर्ण कॉन्चेर्टो घरी ऐकता येऊ लागला. हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर मैफलीतला छोट्या रचनांचा भाग आटत गेला. पूर्वी नामांकित वादक कार्यक्रमाचा शेवटचा सगळा भाग अशा रचनांना देत. पुढे त्या टाळ्या थांबेनात म्हणून वाजवायच्या एखाद-दोन चिजा एवढ्यापुरत्या उरल्या. कारण नुसतं माप नव्हतं. दोन महायुद्धं पाहिलेल्या माणसांना उघड भावनेची लाज वाटू लागली होती. गंभीर म्हणजे लांब आणि अवघड, असं समीकरण बसलं.

ही लाज मला कळते. पण तिचा तोटाही मोठा आहे. तासभराच्या रचनेत विचाराची इमारत उभी राहते, ती हवीच. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून किंवा दारात उभ्या असलेल्या माणसाचा निरोप घेताना आपण तासभर बोलत नाही. दोन-चार वाक्यं बोलतो, आणि ती नीट बोलता आली नाहीत तर आयुष्यभर सल राहतो. तेवढ्याच वेळात, तेवढ्याच मोजक्या शब्दांत खरं बोलण्याची कला जपून ठेवणारं संगीत कुठंतरी असायला हवं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी व्हायोलिन शिकत असेल, किंवा घरात मूल शिकत असेल, तर एक सुचवतो. छोटी रचना हाती आली की ती कुणासाठी लिहिली होती ते आधी शोधा. ते सापडलं नाही, तर आपण ती कुणाला ऐकवतो आहोत ते ठरवा. एकच माणूस ठरवा. मग किती कंपन, किती मींड, किती रेंगाळणं, या प्रश्नांची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात. त्या एका माणसासमोर जे खोटं वाटेल, ते गाळायचं.

आणि ज्यांना नुसतं ऐकायचं आहे त्यांनी द्वोर्झाकच्या त्या चार रचना एका बैठकीत ऐकाव्यात. पहिली अगदी साधी, घरातल्या बोलण्यासारखी. चौथी सगळ्यांत लांब. छोट्या छोट्या, अडखळत्या ओळी, उसासा टाकून पुन्हा बोलू पाहणाऱ्या माणसासारख्या. त्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेली तिघांची मूळ रचना मधल्या काळात नाहीशीच झाली होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९३८ साली, ती पुन्हा सापडली, आणि आता तीही वाजवली जाते. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला. एक शिकणारा, एक शिकवणारा आणि एक शेजारी.